हाडाची पट्टी

संपादक मंडळाने माझ्याकडून 'पुठ्ठाकामाच्या तासाच्या गमतीजमती' असा लेख मागवला होता. गमतीजमती पुष्कळ होत्या. खळीच्या भांड्यात कोणाची टोपी पडली, अबरी कागदाचा लाल रंग कोणाच्या गालावर उतरला, हे सगळं आपण मेळाव्यात पंगतीला बसल्यावर बोलूच. पण मी चाळीस वर्षं खोक्यांच्या धंद्यात काढली. औषधांची, साबणाची, अगरबत्तीची खोकी. त्या धंद्यात जे काही शिकलो त्याची मुळं शोधत गेलो की दर वेळी आपल्या जिन्याखालच्या खोलीत येऊन पोचायचो. म्हणून त्या तासाचा थोडा इतिहास सांगतो. त्यात माझा स्वतःचा एक जुना हिशेब आहे, तोही सांगायचा आहे. तो वर्गापुढेच सांगायला हवा होता. पन्नास वर्षं उशीर झाला आहे.

बुधवारी शेवटचे दोन तास वेळापत्रकात 'हस्तव्यवसाय' लिहिलेलं असे. नववीत त्याच तासाचं नाव 'कार्यानुभव' झालं. खोली तीच, सर तेच, खळही तीच. मुलांना पुठ्ठाकाम आणि मुलींना शिवण अशी सरळ वाटणी होती. आपल्या वर्गातल्या दोघींनी पालकांची सही आणून पुठ्ठाकाम मागून घेतलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत त्यावर चर्चा झाल्याचं आपल्याला शिपायाकडून कळलं होतं.

सर खादीचा सदरा घालत. उमेदीची काही वर्षं त्यांनी वर्ध्याला काढली होती, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. आपण मागून त्यांना 'पुठ्ठेमास्तर' म्हणत असू आणि ते त्यांनाही माहीत होतं. मैद्याची खळ ते स्वतः शिजवत. तिला कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालत, आणि हात धुतल्याशिवाय कोणी डबा उघडलेला दिसला तर एरवी न चढणारा त्यांचा आवाज चढे.

पहिला महिनाभर आपण काहीच बनवलं नाही, आठवतं? नुसत्या रेघा. त्याही पेन्सिलीच्या नाहीत. पट्टी धरायची आणि कार्डशीटवर बोथट टोकाने दाबून खाच पाडायची. कोणी संपलेली रिफिल आणी, कोणी आईची लोकर विणायची सुई, कोणी चमचा. 'कागदाला आधी सांगा, मग वाकवा,' हे त्यांचं पालुपद. आपल्याला वाटायचं, सर तास ढकलताहेत.

सरांच्या स्वतःच्या हातात हाडाची पट्टी असे. वीतभर लांब, एक टोक गोल, दुसरं निमुळतं, आणि वापरून वापरून जुन्या सोंगटीसारखी पिवळट गुळगुळीत झालेली. पुस्तकं बांधणारे लोक अशी पट्टी शेकडो वर्षं वापरत आले आहेत. धातूच्या टोकाने कागदावर काळपट ओरखडा उठतो, लाकूड लवकर झिजतं, हाड मात्र घासलं तरी कागदाला इजा करत नाही. ती कुठल्या जनावराच्या हाडाची, हा प्रश्न आपल्यातल्या निम्म्या जणांनी घरी निघूच दिला नव्हता. मी आईला 'हस्तिदंताची आहे' असं सांगून मोकळा झालो होतो.

आता या खाचेचं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण माझी अर्धी नोकरी त्यावर चालली. जाड कागद म्हणजे तंतूंचे एकावर एक बसलेले थर. नुसता दुमडला तर बाहेरचे थर ताणले जातात, आतले चेपतात आणि घडीवर बाहेरून भेग पडते. रंगीत कागद असेल तर पांढरी चीर दिसते. आधी दाबून खाच पाडली की त्या रेषेपुरते थर एकमेकांपासून सुटे होतात. मग दुमडताना सुटलेले थर एका बाजूला फुगतात आणि तिथे बारीकसा वरंबा उठतो. हा वरंबा घडीच्या आत राहिला पाहिजे, म्हणजे खाच बाहेर. शंभरातले नव्वद जण उलटं करतात, कारण खाचेकडे दुमडणं हाताला सोपं वाटतं. मिलबोर्डाचं निराळं. त्याला दाब पुरत नाही. चाकूने अर्ध्या जाडीपर्यंत छेद द्यायचा, छेद बाहेर ठेवून दुमडायचं आणि वरून कापडाची पट्टी चिकटवायची. कारखान्यात आम्ही याचा हिशेब करत असू: खाच पाडणाऱ्या रुळाच्या जाडीत पुठ्ठ्याची दीडपट जाडी मिळवली की खालच्या पन्हळीची रुंदी मिळते. तो हिशेब मला पहिल्यांदा समजावला गेला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आलं ते सरांचं बोट. खाच पाडल्यावर ते डोळे मिटून कागदाची उलटी बाजू चाचपून पाहत.

दुसरी गोष्ट कागदाच्या धारेची. आज घरी आलेलं वर्तमानपत्र घ्या. वरून खाली फाडा, बऱ्यापैकी सरळ फाटेल. डावीकडून उजवीकडे फाडा, वेडंवाकडं जाईल. गिरणीत कागद यंत्रावर धावत असताना तंतू धावेच्या दिशेने झोपतात. घडी त्या दिशेला समांतर घातली तर सुरेख बसते, आडवी घातली तर कुरकुरते. शुभेच्छापत्र टेबलावर उभं न राहता काही दिवसांनी फेंगडत असेल तर बहुधा धार चुकलेली असते.

हातकागदाला अशी एकच धार नसते. ते आपण आठवीत प्रत्यक्ष पाहिलं होतं. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत सर आपल्याला चालत घेऊन गेले होते. ही संस्था १९४० सालची. महात्मा गांधींनी १९३४मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, त्या वातावरणात हातकागदाला पुन्हा जीव आला, आणि पुण्यात हे काम उभं राहिलं. या कामाला वाहून घेतलेल्या के. बी. जोशी यांचं नाव आता तिथल्या रस्त्याला आहे. आपल्याला तिथे चिंध्यांचे ढीग दिसले होते. शिंप्यांकडचं सुती कातरण, दुसरं काही नाही. ते कुटून, भिजवून केलेला लगदा हौदात कालवलेला. कारागीर जाळीचा साचा त्यात बुडवून वर काढी आणि पाणी निथळत असतानाच पुढेमागे, डावीउजवीकडे हलवी. त्या हलवण्यानेच तंतू सगळ्या दिशांना गुंततात. मला करू दिलं तेव्हा ओल्या तावावर माझ्या मनगटावरून थेंब पडला. तेवढ्या जागी कागद पातळ झाला आणि उजेडाकडे धरल्यावर गोल चंद्रासारखा दिसला. कारागीर हसला आणि तो ताव परत हौदात टाकून दिला.

आपल्या राज्यघटनेची हिंदी हस्तलिखित प्रत पुण्यात बनलेल्या हातकागदावर लिहिलेली आहे, हे मला फार पुढे कळलं. त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी हात जास्त काळजीने पुसले असते.

पुण्याला कागद नवा नव्हता. कसब्यातला कागदीपुरा आपल्यापैकी काहींच्या रोजच्या वाटेवर होता, पण त्या नावाचा अर्थ आपण कधी विचारला नाही. कागद करणारे कागदी तिथे राहत, म्हणून ते नाव. पेशव्यांच्या काळात जुन्नरी आणि दौलताबादी कागदाला मान होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागदाचं काम महंमद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हापासून चालत आल्याचं तिथले लोक सांगतात. या कागदाला खळ लावून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरू अडकत नसे आणि शाई फुटत नसे.

आणि आपली खाच? तीही तिथे होती. मोडी कागदपत्रं लिहिणारे कारकून समासाची रेघ आखत नसत. कागदाला उभी घडी घालून ती नखाने दाबत, घडीची खूण हाच समास. पोथ्या नकलून घेणारे लेखनिक आणखी पुढे गेले होते. एका फळीवर ठरावीक अंतराने दोरे ताणून बसवायचे, त्यावर कोरा कागद ठेवायचा आणि बोटाने दाबत जायचं. दोऱ्यांच्या उठावाने कागदावर ओळी उमटतात, शाईचा थेंबही खर्च होत नाही. फारसी लेखनिक या साधनाला मिस्तर म्हणत. गुजरातच्या जैन ग्रंथभांडारांतही याच जातीची फळी वापरात होती. सरांनी आपल्याला महिनाभर करायला लावलं ते याहून वेगळं काय होतं?

हे काम शाळेत कसं शिरलं, त्याची वाट मात्र लांबून येते. फ्रीड्रिश फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७मध्ये ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी शाळा काढली. पुढे १८४०मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. तिथे मुलांच्या हातात पुस्तकाआधी कागद दिला जाई: घड्या घालायला, टोचायला, पट्ट्या विणायला. त्या घड्यांवरून मद्रासकडच्या टी. सुंदर राव यांना सुचलं की याने भूमितीही शिकवता येईल. १८९३ साली त्यांनी कंपास न वापरता, नुसत्या घड्यांनी पंचकोन, षट्कोन काढून दाखवणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. ते युरोप-अमेरिकेतल्या गणितज्ञांपर्यंत पोचलं. आपल्याकडे भूमितीचे सर आणि पुठ्ठाकामाचे सर एकमेकांच्या तासाला फारसं मोजत नव्हते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

मग १९३७चं ऑक्टोबरमधलं वर्ध्याचं शिक्षण संमेलन. उद्योगातून शिक्षण हा गांधीजींचा विचार तिथे मांडला गेला आणि झाकिर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. सूतकताई, सुतारकाम, शेती ही त्यातली ठळक नावं. कागद-पुठ्ठ्याचं काम त्यांच्या पाठोपाठ शाळांमध्ये आलं, कारण त्याला ना विहीर लागे ना माग. स्वातंत्र्यानंतर १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगाने त्याला 'कार्यानुभव' असं नाव दिलं, १९७७मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य'. नाव लांबत गेलं आणि तास आखूड होत गेला. आपण दहावीत गेलो तेव्हा बुधवारचा दुसरा तास गणिताच्या सरावाला गेलाच होता. कोणी तक्रार केली नाही. मीही नाही.

आता माझा हिशेब.

१९७५ची संक्रांत जवळ आली होती. आपण नववीत होतो. त्या काळी संक्रांतीची छोटी भेटकार्डं आणि त्यासोबत चिमूटभर तिळगूळ पाकिटातून पाठवायची पद्धत होती, आठवत असेल. सरांनी ठरवलं, यंदा पाकीट नको, प्रत्येकाने तिळगुळाची डबी करायची. चौरस ताव, चारी बाजूंनी सारख्या अंतरावर खाचा, कोपऱ्यांना चार काप, घड्या घालून खळ. झाकण त्याच पद्धतीने, फक्त तळापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं, कारण कागदाला जाडी असते हे विसरून चालत नाही. घोटीव कागद नको, सरांनी स्वतःच्या पैशाने हातकागदाचे ताव आणले होते. रिफिलने तो कागद फाटू लागला, तेव्हा त्यांनी आपली हाडाची पट्टी एकेका बाकाला आळीपाळीने दिली.

आमचं बाक शेवटचं. माझी खाच पुरी व्हायला आणि घंटा व्हायला एकच गाठ पडली. मी टेबलावरचं सगळं हाताने ओढून दप्तरात लोटलं आणि पळालो. रात्री कागदांच्या मध्ये पट्टी सापडली. उद्या देऊ म्हणून कंपासपेटीत ठेवली. उद्या सर दिसले नाहीत. परवा दिसले, पण मुख्याध्यापकांशी बोलत होते. असं करत पुढचा बुधवार आला.

सरांनी विचारलं, पट्टी कोणाकडे राहिली? मी हात वर करणार होतो. खरंच करणार होतो. पण त्यांनी उत्तराची वाट न पाहता आपल्या वर्गातल्या एका मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, 'तुझे वडील बाइंडिंगच्या कामाला जातात ना रे?' पुढे काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती, वर्गाला समजलं. त्यानंतर हात वर करायचा म्हणजे आठवडाभर का ठेवलीस याचं उत्तर द्यायचं, आणि त्याच्या वडिलांबद्दल सर जे बोलले ते वर्गापुढे खोटं पाडायचं. मी कंपासपेटीवर हात ठेवून बसून राहिलो.

तो मुलगा 'मी घेतली नाही' एवढंच म्हणाला. पट्टी परत येईपर्यंत त्याने तासाला बाहेर उभं राहायचं, असं ठरलं. तो त्या सत्राचे सगळे बुधवार बाहेर उभा राहिला. पुढच्या वर्षी त्याने बागकाम घेतलं. तुमच्यापैकी ज्यांनी त्याचं काम पाहिलं होतं त्यांना आठवेल, आपल्या सगळ्यांत त्याचा हात चांगला होता. फूटपट्टी न लावता तो कागदाचा मध्य काढी आणि तो चुकत नसे. घरी बाइंडिंग पाहतच तो मोठा झाला होता. पुढे तो आयटीआयला गेला, एस. टी.च्या कार्यशाळेत लागला, तिथूनच निवृत्त झाला.

सरांना मी दोष देत बसणार नाही. ते चुकले, पण पट्टी माझ्याकडे होती.

नोकरी लागल्यावर एकदा ती खिशात घालून मी सरांच्या घरी गेलो होतो. निवृत्त झाले होते. खिडकीशी बसून जुन्या कॅलेंडरांची पाकिटं करत होते आणि घड्या चमच्याच्या दांड्याने दाबत होते. मी खोक्यांच्या कारखान्यात लागलो म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी बाईंना हाक मारून बाहेर बोलावलं. चहा झाला. पट्टी खिशातच राहिली. त्यानंतर मी गेलो नाही आणि सर जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

कारखान्यात जुन्या मशीनमनकडून मी ज्या अमेरिकन माणसाची गोष्ट ऐकली, तिच्यामुळे मला वर्षानुवर्षं उगाच धीर येत असे. रॉबर्ट गेअर हा स्कॉटलंडहून आलेला माणूस न्यूयॉर्कला कागदी पिशव्यांचा धंदा करत होता. १८७९ साली बियाण्यांच्या पिशव्या छापताना यंत्रातली घडी पाडायची धातूची पट्टी जराशी वर सरकली आणि घडी पडण्याऐवजी पिशव्या कापल्याच गेल्या. ढीगभर माल वाया. गेअरच्या मात्र डोक्यात आलं, की पट्ट्या दोन उंचीच्या बसवल्या तर एकाच दाबात कापही जाईल आणि खाचही पडेल. तोवर खोकी हातानेच खाचून, कापून करत. आता ती सपाट चळतीने तयार होऊ लागली, गोदामात जागा अडेना, आणि दुकानात नेऊन उभी करता येऊ लागली. बिस्किटांच्या एका मोठ्या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी खोकी घेतली आणि किराणा दुकानातली पिंपं हटत गेली. पुण्यातल्या आमच्या ट्रेडल मशीनवरच्या साच्यात सुद्धा तीच युक्ती: धारेचे रूळ किंचित उंच, खाचेचे रूळ किंचित बुटके आणि बोथट. एकाची चूक झाली आणि त्यातून जगाचं भलं झालं, ही गोष्ट मी नवीन पोरांना रंगवून सांगत असे. माझ्या चुकीतून कोणाचं भलं झालं नव्हतं, हे मला सांगताना कळत असे.

या वर्षी मेळाव्याची आखणी सुरू झाली तेव्हा ठरलं, स्मरणिका पिशवीतून न देता हातकागदाच्या पेटीतून द्यायची आणि पेट्या आपणच करायच्या. शिवण सोडून पुठ्ठाकामाला आलेल्या दोघींपैकी एक न्यू जर्सीहून येताना खाचा पाडायची प्लॅस्टिकची पाटी घेऊन आली. तिच्यावर इंचाच्या आठव्या भागाच्या अंतराने सरळ पन्हळी कोरलेल्या असतात. कागद काटकोनात टेकवायचा, पन्हळीतून बोथट टोक ओढायचं, खाच तयार. तिकडे हल्ली शुभेच्छापत्रं, भेटीच्या डब्या, आठवणींच्या वह्या करणारी हौशी मंडळी हीच पाटी वापरतात. मी पाटी उलटसुलट करून पाहिली. मिस्तरची फळी आठवली, फक्त उठावाच्या जागी खोलगट.

पहिल्या रविवारी आम्ही सहा जण बसलो. मापं सेंटिमीटरमध्ये काढलेली, पाटी इंचांची, आणि मी, चाळीस वर्षं खोकी केलेला माणूस, झाकण आणि तळ एकाच मापाचे कापून बसलो. अकरा पेट्या अशा झाल्या.

त्या रात्री मी त्याला फोन केला. नाव लिहीत नाही, त्यानेच नको म्हटलं. सगळं सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, 'मला माहीत होतं. तिसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत तू कंपास उघडलास तेव्हा दिसली होती.' मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? म्हणाला, 'तू सांगशील म्हणून थांबलो. मग नंतर सांगून काय उपयोग? बाबांना कळलं होतं सर काय म्हणाले ते. त्यांनी त्यानंतर घरी काम आणणंच बंद केलं.' मी माफी मागितली. तो म्हणाला, 'माझं जाऊ दे. सर होते तेव्हा सांगायला हवं होतंस. त्यांना वाटत राहिलं ना शेवटपर्यंत.' हे बरोबर आहे. यावर मला काही म्हणता आलं नाही, अजूनही येत नाही.

वर्गासमोर हे जाहीर लिहू का, असं विचारलं, तर म्हणाला, 'लिही. बाबांचं लिही.' म्हणून लिहिलं.

दुसऱ्या रविवारी तो आला. कोणाशी फार बोलला नाही. प्लॅस्टिकची पाटी बाजूला सारली, हाडाची पट्टी माझ्याकडून घेतली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि चार वाजेपर्यंत एकटा खाचा पाडत बसला. मध्य काढायला त्याला अजूनही फूटपट्टी लागत नाही. जाताना पट्टी त्याच्याकडेच राहिली. आता ती त्याच्याकडेच राहणार आहे.

पेट्यांबद्दल एक सूचना. ज्यांचं झाकण बसताना कुरकुरतं किंवा कोपरा उचकटतो त्यांची पेटी माझ्या पहिल्या रविवारच्या अकरांपैकी आहे. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाशी माझ्याकडे आणून द्या, बदलून देईन. जास्तीचे ताव कापून ठेवले आहेत. खळ मात्र घरची आहे, तीत मोरचूद घातलेलं आहे, तेव्हा पेटीत लाडू ठेवू नका.